मधुमेही बालक आणि रात्रीचा पहारा

मधुमेह म्हटला कीं चाळिशी उलटलेला, अंगानें स्थूल असा गृहस्थ बहुतेकांच्या डोळ्यांपुढें येतो. परंतु याच नांवाचा दुसरा एक विकार चार-सहा वर्षांच्या बालकालाहि गांठतो. त्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. त्यांत शरीराची संरक्षक शक्तीच स्वादुपिंडांतील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करते. आईबापांच्या संगोपनाचा किंवा मुलानें खाल्लेल्या मिठाईचा त्यांत कांहींएक दोष नसतो. इन्शुलिन बाहेरून मिळालें नाहीं तर मूल जगत नाहीं. टोरोंटो येथें १९२१ सालीं बँटिंग व बेस्ट यांनीं हें द्रव्य शोधून काढलें, आणि जानेवारी १९२२ मध्यें लेनर्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तें प्रथम टोचण्यांत आलें. तेव्हांपासून अशा मुलांच्या जगण्याची वाट मोकळी झाली.

मूल वांचलें, पण घराची झोप गेली. निरोगी शरीरांत इन्शुलिन गरजेप्रमाणें क्षणोक्षणीं कमीजास्त होतें. एकदां टोचलेलें इन्शुलिन मात्र परत घेतां येत नाहीं. दिवसभर खेळून दमलेल्या मुलाची साखर मध्यरात्रीं उतरूं शकते, तर पहाटे शरीरांतील अंतःस्राव ती चढवितात. शंभर मिलिलिटर रक्तांत साखर ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेली तर जागेपणीं घाम सुटतो, हात कांपतात, भूक लागते. झोपेंत मात्र शरीराचा हा इशारा मंद पडतो आणि मूल जागें होईलच असें नाहीं. साखर फारच उतरली तर झटके येतात, शुद्ध हरपते. रामटेकसारख्या गांवाहून नागपूरचें मोठें रुग्णालय सुमारें पन्नास किलोमीटर दूर; अपरात्रीं तेथवर धांवणें सोपें नव्हे. म्हणून अशा घरीं आईला रात्रींतून दोन-तीनदां उठून, मुलाचें बोट टोचून साखर पाहावी लागते. आणि सकाळीं घरचीं सारीं कामें तिच्यापुढें तशींच उभीं असतात.

हा पहारा बराचसा आपल्याकडे घेणारें यंत्र आतां निघालें आहे. त्याचे भाग तीन. कातडीखालीं बारीक तार रोवलेला संवेदक दर पांच मिनिटांनीं साखरेचा अंदाज कळवितो. तपकिरीच्या मोठ्या डबीएवढा पंप इन्शुलिन थेंबाथेंबानें शरीरांत सोडतो. आणि या दोहोंमधील गणित साखरेची चाल ताडून, ती घसरणार असें दिसतांच इन्शुलिन रोखतें, चढूं लागली तर वाढवितें. टांकींतील तरंगता गोळा पाण्याच्या उंचीप्रमाणें नळ मिटतो व उघडतो, त्यांतलाच हा प्रकार.

या यंत्राच्या इतिहासांतहि झोपेलाच मोठें स्थान आहे. अमेरिकेंतील सिॲटल येथील डेना लुईस या मधुमेही तरुणीला आपल्या संवेदकाचा इशारा झोपेंत ऐकूं येईना. तेव्हां २०१३ सालीं तिनें सहकाऱ्याच्या मदतीनें मोठ्यानें जागविणारी व्यवस्था रचली, आणि डिसेंबर २०१४ पर्यंत तींतूनच पंपाला आपोआप हुकूम देणारी जुळणी सिद्ध झाली. सप्टेंबर २०१६ मध्यें अमेरिकन सरकारनें एका कारखान्याच्या अशा तऱ्हेच्या पहिल्या यंत्रास मान्यता दिली. अशीं यंत्रें आतां भारतांतहि मिळतात.

तथापि यंत्र रोग बरा करीत नाहीं. जेवणांतील पिष्टमय पदार्थांचा अंदाज बहुधा घरच्यांनींच त्याला सांगावा लागतो. नळी दुमडली तर कांहीं तासांतच साखर चढून रक्तांत घातक आम्लें सांठूं लागतात. मूल कुशीवर वळून संवेदक दाबला गेला तर तो साखर उगाच कमी दाखवितो आणि घंटा वाजून घर जागें होतें. आईबापांच्या झोपेचे तास यंत्रानें फारसे वाढतातच असें नाहीं. पण मनांतील धास्ती उणावते आणि झोप अधिक समाधानाची वाटते, असें अनेक पाहण्यांत आढळलें आहे.

किंमत मात्र लाखांच्या घरांत जाते, आणि संवेदक व नळ्या पुनःपुन्हां घ्याव्या लागतात. कित्येक घरांत अद्याप रोजच्या इन्शुलिनचीच विवंचना आहे. डॉ. शरद पेंडसे यांनीं नागपुरांत स्थापन केलेली 'ड्रीम ट्रस्ट' ही संस्था गरीब मधुमेही मुलांना इन्शुलिन पुरवीत आली आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उष्णतेनें निकामी झालेलें इन्शुलिन पंपानें सोडलें काय आणि सुईनें टोचलें काय, सारखेंच; म्हणून तें थंड जागीं जपणें हें पहिलें काम.

ज्या घरीं यंत्र पोंचलें नाहीं, तेथेंहि पहाऱ्याचा भार हलका करतां येतो. निजण्यापूर्वीं साखर पाहावी. खेळाच्या दिवशीं मात्रा किती असावी हें डॉक्टरांकडून आधींच ठरवून घ्यावें. ग्लूकोज उशाशीं असावें, मात्र बेशुद्ध मुलाच्या तोंडांत कांहीं घालूं नये, तत्काळ रुग्णालय गांठावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, वडिलांनीं, काका-मावशींनीं बोट टोचून साखर पाहण्याचें काम शिकून रात्री वांटून घ्याव्या. यंत्राला पैसा लागतो. आईला आठवड्यांतून दोन-तीन रात्री निवांत झोपूं देण्यास तो लागत नाहीं.