उबदार हवेचा जमाखर्च

युरोप-कॅनडासारख्या थंड मुलखांत हिवाळ्यातील इंधनाचा खर्च हा गृहस्थाच्या मानेवरील मोठाच बोजा होय. दारे-खिडक्या घट्ट लावून बसावे, तर हवा कोंदते आणि भिंतींना ओल येऊन बुरशी धरते. उघडाव्या, तर पैसे मोजून तापविलेली हवा रस्त्यावर जाते. आपल्यापैकी ज्यांची मुलेबाळे त्या देशांत संसार करून आहेत, त्यांच्या कानी ही तक्रार आलीच असेल.

या पेचावर तेथे जो उपाय रूढ झाला, तो मोठा कौतुकास्पद आहे. स्वयंपाकघर व स्नानगृह यांतील दमट, उबदार हवा एका पंख्याने बाहेर जाते; दुसऱ्या पंख्याने ताजी हवा निजावयाच्या खोल्यांत येते. वाटेत हे दोन प्रवाह पातळ पत्र्यांच्या दोन्ही अंगांनी परस्परविरुद्ध दिशेने वाहतात. हवेत हवा मिसळत नाही. जाणारीची ऊब तेवढी येणारीस मिळते. बो आदामसन व वोल्फगांग फाइस्ट यांनी १९८८ साली विचारात घेतलेल्या अल्पोष्ण घराच्या कल्पनेतून जर्मनीतील डार्मश्टाट शहराच्या क्रानिश्टाइन भागात जी घरे उभी राहिली व १९९१ साली ज्यांत चार कुटुंबे राहावयास आली, त्यांत हे यंत्र मुख्य अंग होते.

आता हिशेब पाहू. बाहेर ० अंश, घरात २० अंश आणि यंत्रातून येणारी ताजी हवा १७ अंश असेल, तर वीस अंशांपैकी सतरा परत मिळाले, म्हणजे कार्यक्षमता शेकडा ८५. तासाला १२० घनमीटर हवा बदलावयाची, तर यंत्रावाचून सुमारे ८०० वॅट ऊब सतत वाया जाती. यंत्र त्यातील सुमारे ६८० वॅट वाचविते. फाइस्ट यांच्या संस्थेचा दंडक असा की, परतावा निदान शेकडा ७५ असावा व दर घनमीटरमागे विजेचा व्यय ०.४५ वॅट-तासाहून अधिक नसावा. म्हणजे ५४ वॅट खर्चून ६८० वॅट जमा! असा व्यवहार कोणास नको?

परंतु एकट्या आकड्यावर विसंबणारा फसतो, तो येथेच. समजा, येणाऱ्या हवेची गाळणी धुळीने चोंदली. बाहेर १२० घनमीटर जाते, आत मात्र ८०च येते. थोड्या हवेस पुष्कळ ऊब मिळाल्याने ती १९ अंशांवर पोहोचते आणि आकडा शेकडा ९५ दाखवितो! घरधनी खूष. दुकानात गिऱ्हाईक रोडावले असता दर नगामागील नफा पाहून पेढीचा मालक मिशीवर ताव देतो, त्यातलाच हा प्रकार. प्रत्यक्षात उरलेली ४० घनमीटर थंड हवा दारांच्या फटींतून शिरते. तिचा खर्च या वहीत चढतच नाही. घरात उघडी शेगडी असेल, तर गोष्ट याहून गंभीर. आतला दाब उतरल्याने धुराड्यातील धूर उलटा खोलीत ओढला जातो आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूस ना रंग, ना वास. निजलेल्या माणसास जाग येत नाही.

म्हणून जाणकार माणूस जाणाऱ्या हवेचीही नोंद ठेवतो. वरच्या उदाहरणात ती २० अंशांवरून साधारण ७ अंशांपर्यंतच निवते. त्या बाजूने पाहता परतावा ६३च्या आसपास. दोन्ही बाजूंच्या आकड्यांत एवढी तफावत दिसली की समजावे, प्रवाह समतोल नाहीत. प्रथम गाळण्या काढून पाहाव्या. मापके चारही नळ्यांत, प्रवाहाच्या मध्यभागी बसवावीत. यंत्राच्या पेटीलगत ठेवलेले मापक पेटीचीच ऊब सांगते. पंख्याच्या मोटारीची उष्णताही येणाऱ्या हवेच्या खात्यात फुकट जमा होते, तीही वजा घालावी. दमट हवेतील बाष्पाचे पाणी झाले, तर त्याची ऊबही आकडा फुगविते.

नोंद करावयाची ती कडाक्याच्या थंडीच्या दिवसांत. बाहेर १८ व आत २० अंश असता मापकाची अर्ध्या अंशाची चूकही सारा हिशेब उलटा करते. उन्हाळ्यात तर बगलेची वाट उघडून हवा परस्पर आत घेतात. त्या दिवसांचा आकडा शून्यावर आला, म्हणून कोणी कारागिरास बोलावू नये. गाळणी चोंदते ती हळूहळू, म्हणून एका दिवसाचा आकडा फारसे बोलत नाही. नव्या गाळणीच्या दिवशीचे चारही अंश व पंख्यांची वीज टिपून ठेवावी आणि पुढील महिन्यांच्या नोंदी त्याच पानाशी ताडून पाहाव्या.