कोळी मारला, तुडतुडा सुटला: धानाच्या बांधीतले बिनपगारी राखणदार

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना दोन-दोनदा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी जवळपास जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

कोणी बसमध्ये असाल, कोणी भांडी घासता घासता ऐकत असाल. आजचा भाग मी नागपूरच्या खोलीवरून नाही, घरून रेकॉर्ड करतेय. घर म्हणजे रामटेकजवळचं आमचं गाव. अंगणातून गडमंदिर दिसतं, आणि मधेच म्हैस ओरडली तर समजून घ्या, ती एडिट होणार नाही.

नागपूर म्हटलं की सगळ्यांना संत्रा आठवतो. पण संत्रा काटोल-नरखेडकडचा. आमचा रामटेक, मौदा, पारशिवनीचा पट्टा धानाचा. खिंडसीचं पाणी, पेंचचा कालवा आणि बांधीत उभं धान. आजचा विषय या धानावरचे किडे. थांबा, लगेच पुढे ढकलू नका! कारण ही गोष्ट किड्यांइतकीच आमच्या घराचीही आहे. एका वर्षी आम्ही स्वतःच्या हातानं स्वतःचं पीक घालवलं, त्याची गोष्ट.

तो फवारा

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपती बसले होते, धान पोटरीवर यायचं होतं. बाबांना बांधीत चुडाच्या बुडाशी तपकिरी रंगाचे बारीक किडे दिसले. दाण्याएवढे, हात लावला की तुडकन उडणारे. म्हणून नाव तुडतुडे. आमच्याकडे लोक मावा-तुडतुडा म्हणतात.

काका म्हणाले, "पाहून काय राहिला भाऊ, मारून टाक एक फवारा." बाबा एका कृषी केंद्रात गेले. तिथून दोन बाटल्या आल्या, सोबत "दोन्ही मिसळून मारा" हा सल्ला. बाबांनी मारलं. दुसऱ्या दिवशी बांधी एकदम साफ. एक किडा नाही. बाबा खूश, काका खूश, मी फोटो काढून स्टेटसला टाकला.

साधारण तीन आठवड्यांनी बाबांचा फोन आला. आवाज बसलेला. "बांधीत गोल गोल जळून राहिलं न बाप्पा." मी शनिवारी गेले तर हिरव्या बांधीत तव्याएवढे, मग खाटेएवढे वाळलेले गोल चट्टे. जणू कोणी मधेमधे आग लावली. दोन एकरांपैकी जवळपास अर्ध्या एकरात दाणा भरलाच नाही. हाती आलं ते फक्त तणीस. सोसायटीचं कर्ज मात्र पूर्ण दोन एकरांचं होतं.

मला तेव्हा एकच प्रश्न पडला होता. औषध मारलं, किडे मेले, मग हे एवढे आले कुठून?

आले कुठून?

याचं उत्तर समजायला तुडतुड्याचं घर समजून घ्यावं लागेल. तुडतुड्याची मादी पानावर उघडी अंडी घालत नाही. धानाच्या खोडाला जे पानाचं आवरण असतं, त्याच्या आत चीर पाडून ती अंडी घालते. एक मादी शेकडो अंडी घालू शकते. वरून फवारलेलं औषध आतल्या अंड्यांपर्यंत सहसा पोचत नाही. आठवडाभराने अंडी फुटतात आणि पिल्लं बाहेर येतात.

आता हे लक्षात घ्या. फवाऱ्याआधी बांधीत तुडतुडे एकटे नव्हते. चुडाच्या बुडाशी कोळी होते. जाळं न विणता पाण्यावरून पळत शिकार करणारे कोळी. असा एक कोळी दिवसाला पाच ते पंधरा किडे खातो. शिवाय एक हिरवा, बारीक ढेकूण असतो, मिरीड ढेकूण. तो तुडतुड्याची अंडी शोधून त्यातला रस शोषतो, म्हणजे औषध जिथे पोचत नाही तिथे हा पोचतो. वर चतुर आणि टाचण्या उडत असतात, त्याही शिकारीच.

फवाऱ्यानं तुडतुडे मेले, आणि कोळी, मिरीड, सगळेच मेले. अंडी वाचली. आठवड्यानं पिल्लं बाहेर आली तेव्हा बांधीत त्यांना खाणारं कोणीच नव्हतं. तुडतुड्याची नवी पिढी महिन्याभरात तयार होते. कोळ्याला पुन्हा वस्ती करायला त्याहून जास्त वेळ लागतो. आम्ही चोरांना हाकलायला म्हणून बंदूक चालवली आणि राखणदारच मारून बसलो.

यात आणखी तेल ओततो तो युरिया. जास्त युरिया दिला की धान लुसलुशीत आणि दाट होतं, तुडतुड्याला अगदी हवं तसं. आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली काही औषधं तर तुडतुडे उलट वाढवतात, हे कृषी विद्यापीठांच्या सल्ल्यांतही लिहिलेलं असतं. आमच्या दोन बाटल्यांपैकी एक त्याच गटातली निघाली. मी नंतर लेबल वाचलं. नंतर!

आपल्याआधी एक देश फसला होता

ही चूक फक्त आमच्या घरची नाही. फिलिपिन्समध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. तिथे १९७० च्या दशकाच्या शेवटी पीटर केनमोर नावाच्या संशोधकानं दाखवून दिलं की शिकारी किडे मारणारी फवारणी केली की तुडतुड्यांचा उद्रेक होतो, आणि फवारणी नसलेल्या शेतात कोळी वगैरे मिळून त्यांना आवरून धरतात.

इंडोनेशियात तर सरकार कीटकनाशकांवर भरभरून अनुदान देत होतं आणि तुडतुडे वाढतच होते. शेवटी १९८६ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी धानावर ५७ कीटकनाशकं वापरायला बंदी घातली आणि पुढे अनुदानही बंद केलं. उत्पादन कोसळेल अशी भीती होती. तसं झालं नाही. मग शेतकऱ्यांना बांधीतच बसवून किडे ओळखायला शिकवायचं ठरलं, तीच शेतकरी शेतीशाळा. आज आपल्याकडे कृषी विभाग गावात शेतीशाळा घेतो ना, तिचं मूळ तिथलं.

मोजायला शिकलो

पुढच्या वर्षी गावात शेतीशाळा लागली. बाबा जायला तयार नव्हते. "किडे मोजून पोट भरते का?" मी म्हटलं, "बाबा, मागच्या वर्षी न मोजता भरलं का?" बोलून गेले आणि मलाच वाईट वाटलं. पण बाबा गेले.

तिथे शिकवलेली पद्धत सांगते. बांधीत तिरपं चालायचं, वेगवेगळ्या ठिकाणचे वीस चूड बघायचे. प्रत्येक चूड जरा वाकवून बुडाशी हलकी थाप मारायची. पाण्यावर पडतील ते तुडतुडे मोजायचे, आणि सोबत कोळी आणि मिरीडही मोजायचे. एका चुडामागे सरासरी दहाच्या आसपास तुडतुडे झाले तर धोका. त्याला म्हणतात आर्थिक नुकसानीची पातळी. साध्या भाषेत सांगायचं तर, किडीमुळे होणारं नुकसान फवाऱ्याच्या खर्चापेक्षा मोठं व्हायला लागतं ती रेषा.

त्या सप्टेंबरला आम्ही मोजलं. वीस चुडांत ६१ तुडतुडे, म्हणजे चुडामागे तीन. कोळी २३. मी आकडे मोबाईलच्या नोट्समध्ये लिहिले. बाजूच्या बांधीत फवारा सुरू होता, त्याचा वास येत होता आणि बाबा धुऱ्यावर बसून हातातली काडी मोडत होते. रात्री दोनदा उठले. मंडळी, थांबणं सोपं नसतं. वर्षाचं धान समोर उभं असताना काहीच न करणं हे फवारण्यापेक्षा कठीण आहे. ते शहरातल्या माणसानं सल्ला देताना लक्षात ठेवावं. मीही.

आम्ही काहीच केलं नाही असंही नाही. बांधीतलं पाणी तीन-चार दिवस काढून टाकलं, कारण तुडतुड्याला बुडाशी ओल आणि दमटपणा लागतो. युरियाचा राहिलेला हप्ता थांबवला. रोवणीच्या वेळी दर काही ओळींनंतर मोकळा पट्टा सोडला होता, त्यातून हवा आणि ऊन बुडापर्यंत जात होतं. आठ दिवसांनी मोजलं तर तुडतुडे चुडामागे चार, कोळी ३१. आणखी आठ दिवसांनी तुडतुडे दोन. त्या वर्षी एकही चट्टा पडला नाही. त्रिपुरी पौर्णिमेला गडावर दिवे लागले तेव्हा आमचं धान खळ्यावर होतं.

तांदळाच्या डब्यातला पतंग

आता एक गंमत. धानाचा दुसरा मोठा शत्रू खोडकिडा. त्याची अळी खोडात शिरून आतून पोखरते. कोवळ्या धानात मधला पोंगा वाळतो, लोंबीवर आलं असेल तर लोंबी पांढरी आणि पोकळ निघते. पिवळ्या खोडकिड्याची मादी पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालते, म्हणून रोवणीआधी पऱ्ह्यांचे शेंडे खुडून टाकायचा सल्ला देतात. अंडी शेतात जाण्याआधीच बाहेर.

या अंड्यांवर एक गांधीलमाशीची जात काम करते, ट्रायकोग्रामा. एक मिलिमीटरपेक्षाही लहान. ती खोडकिड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि आत अळीऐवजी हीच माशी वाढते. तिची कार्डं मिळतात, ट्रायकोकार्ड. पानाच्या खालच्या बाजूला टाचायची, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. आणि त्या दिवसांत फवारा नाही, नाहीतर पैसे पाण्यात.

पण या माश्या प्रयोगशाळेत वाढवतात कशावर? तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यांवर! तोच पतंग, ज्याच्या अळीमुळे डब्यातल्या तांदळाला जाळं लागतं आणि दाण्यांचे गोळे होतात. आजी ज्याला शिव्या देत तांदूळ उन्हात टाकते, तो पतंग तिथे भरडलेल्या ज्वारीवर मुद्दाम पाळतात, त्याची अंडी कार्डावर चिकटवतात आणि ट्रायकोग्रामाला देतात. मी हे आजीला सांगितलं तर म्हणाली, "मंग माझ्या डब्यातले घेऊन जाय म्हणा!"

फळबागेतही हेच

फळांचं उदाहरण हवं? २००८ मध्ये कोइम्बतूरला पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण सापडला. पांढऱ्या कापसासारखा थर, खाली झाड मरतंय. बघता बघता तो महाराष्ट्रातही आला. अंगावर मेणाचा थर असल्यानं औषध नीट लागत नव्हतं. आपल्याकडे तो एवढा का फोफावला? कारण तो आला, पण त्याला खाणारे त्याच्या मूळ प्रदेशातच राहिले. २०१० मध्ये बंगळुरूच्या कृषी कीटक संस्थेनं प्युर्टो रिकोहून तीन जातींच्या बारीक परोपजीवी माश्या आणल्या आणि सोडल्या. त्यातल्या असेरोफॅगस पपाये या माशीनं ही कीड आटोक्यात आणली.

आणि संत्र्याच्या बागेतल्या मित्रांनो, नव्या पालवीवर सिट्रस सिला दिसतो तेव्हा शेजारी काळी, खरखरीत, छोट्या मगरीसारखी अळी दिसली तर चिरडू नका. ती ढालकिड्याची अळी. ठिपकेवाला ढालकिडा सगळ्यांना ओळखता येतो, पण त्याचं पोर कीड समजून मारलं जातं. धानातल्या मिरीडचंही तेच, हिरवा दिसला की लोक त्याला हिरवा तुडतुडा समजतात.

मग औषध मारायचंच नाही का?

नाही, असं मी म्हणत नाहीये. काही वर्षी हवामान असं असतं की राखणदार कमी पडतात. मोजून आकडा रेषेवर गेला तर फवारावं लागतं. पण तेव्हा एकच शिफारस केलेलं औषध, लेबलवरच्या मात्रेत, आणि तुडतुड्यासाठी चुडाच्या बुडाशी. मनानं दोन बाटल्या मिसळायच्या नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. पंप पाठीवर ज्याच्या असतो, तो कोणाचा तरी बाप असतो. हातमोजे, मास्क, अंगभर कपडे, आणि वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारणी नाही.

आता तुमच्यासाठी काम. या ऐकणाऱ्यांत अर्धे तरी असे असतील ज्यांचं घर गावात आहे आणि स्वतः शहरात. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा धुऱ्यावर सेल्फी काढा, जरूर काढा. मग मोबाईल खाली न्या, चुडाच्या बुडाशी. वीस चूड मोजा, आकडे लिहा, फोटो झूम करून आईबाबांना दाखवा. यातले तुडतुडे हे, कोळी हे. बाबांना "फवारू नका" म्हणू नका. "आधी मोजू" म्हणा. माझ्या अनुभवात पहिलं वाक्य भांडण लावतं आणि दुसरं धुऱ्यावर सोबत चालायला लावतं.

परवा बाबा कोणाशी तरी फोनवर बोलत होते. समोरून काहीतरी विचारलं असावं. बाबा म्हणाले, "किडा दिसला ते ठीक आहे, पण कोळी किती हायेत ते सांग पहिले."

चला, म्हैस खरंच ओरडायला लागली, चाऱ्याची वेळ झाली. तुमच्याकडे कोणत्या किडीला काय म्हणतात ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवते. तोवर काळजी घ्या. भेटू!