आडनावात गाव, कागदात आजी नाही

रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या वंशशोधाचे वैशिष्ट्य असे, की जगभरच्या स्थलांतरितांच्या वंशजांना जो प्रश्न वर्षानुवर्षे छळतो, तो येथे आडनाव उच्चारताच सुटलेला असतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनी सोडून अमेरिकेला गेलेल्या शेतकऱ्याचा पणतू पूर्वजांचा माग काढू लागला, की त्याचे घोडे मूळ गावापाशी पेंड खाते. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या आणि दफनाच्या वह्या गावोगाव विखुरलेल्या असल्यामुळे गाव कळल्याखेरीज कोणती वही उघडावी हेच ठरत नाही, आणि त्यासाठी हॅम्बुर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ या काळातील प्रवासी याद्या चाळत बसावे लागते. पेणकर, रोहेकर, आपटेकर, नवगावकर, केहिमकर यांच्या घरी मात्र गाव आडनावातच नांदते. फरक एवढाच, की जर्मन पणतूला गाव सापडले म्हणजे शतकांच्या वह्या हाती लागतात, तर कोकणातल्या पेणकराला गाव आधीपासून ठाऊक असते आणि वही नसते.

बेने इस्रायल म्हणजे ‘इस्रायलची मुले’. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही या समाजाची मूळकथा असून तिला लेखी पुरावा नाही. हे लोक कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याच्या खेड्यांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारची धार्मिक विश्रांती, पाळून त्या दिवशी घाणा बंद ठेवत असल्यामुळे शेजाऱ्यांत ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. पनवेल हे खाडीवरचे, मुंबईहून घाटावर जाणाऱ्या वाटेवरचे व्यापारी ठाणे असल्याने आसपासची कुटुंबे तेथे येऊन राहिली आणि १८४९ मध्ये ‘बेथ एल’, म्हणजे ‘देवाचे घर’, हे सिनेगॉग उभे राहिले. समाजाच्या जुन्या बोलीत सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत. तिचा कारभार पाहणारा तो मुकादम, हिशेब ठेवणारा गब्बाई आणि प्रार्थना चालवणारा हजान. जुन्या कागदात ‘मशिदीचा मुकादम’ असे शब्द आले म्हणून तो कागद मुसलमान कुटुंबाचा समजून बाजूला ठेवण्याची घाई करू नये, हा या शोधातला पहिला धडा.

दुसरा धडा नावांचा. ‘कर’ हा प्रत्यय समाजाची मक्तेदारी नाही. दिवेकर चित्पावनही असतात, त्यामुळे केवळ आडनावावरून नाते जोडता येत नाही. त्यातही इंग्रजी अमदानीत पलटणीत आणि कचेरीत नोकरीला लागलेल्यांनी गावाचे आडनाव गाळून वडिलांचे नावच आडनावासारखे लावण्याचा प्रघात पाडला. मुंबईतले पहिले बेने इस्रायल सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे, कंपनी सरकारच्या सैन्यातले अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे स्वजनांत सामाजी हसाजी होते, म्हणजे एकाच माणसाचा शोध तीन नावांखाली घ्यावा लागतो. मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस मूळचे राजपूरकर, चित्रपटांतले लाडके डेव्हिड हे चेऊलकर, आणि कवी निस्सीम इझिकेल यांचे घराणे तळकर, हे कितीजणांना ठाऊक असते? शिवाय पुढच्या पिढीत वडिलांचेच नाव आडनाव झाले, तर आजा आणि नातू यांची आडनावे जुळत नाहीत. मुलांना आजोबांचे नाव ठेवण्याच्या रिवाजामुळे तीच चारपाच नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात, ते वेगळेच.

हिंदू कुटुंबांना त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या चोपड्यांत पूर्वजांची सही सापडू शकते. बेने इस्रायलांना असा आधार नाही. त्यांची भिस्त मुख्यतः दोन गोष्टींवर, एक केतुबा आणि दुसरी थडग्यावरचा दगड. केतुबा म्हणजे विवाहाच्या वेळी मोठ्याने वाचला जाणारा करारनामा. त्यात तिथी, वराचे व त्याच्या वडिलांचे नाव, वधूचे व तिच्या वडिलांचे नाव आणि वराने पत्करलेली रक्कम असते. कोकणातल्या दफनभूमींतील दगडांवर मराठी आणि हिब्रू मजकूर शेजारीशेजारी आढळतो, आणि हिब्रू साल आकड्यांत नसून अक्षरांत असते, कारण त्या लिपीतल्या प्रत्येक अक्षराला संख्यामूल्य आहे. समजा, दगडावर ताव, रेश आणि तेत ही तीन अक्षरे आहेत. त्यांची मूल्ये ४००, २०० आणि ९, बेरीज ६०९. हजाराचा आकडा रिवाजाने गाळलेला असतो, म्हणून साल ५६०९. त्यातून ३७६० वजा केले की १८४९ येते. मात्र ज्यू वर्ष शरद ऋतूत सुरू होत असल्यामुळे मृत्यू त्या वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांतला असेल, तर इसवी सन १८४८ धरावे लागते. शेजारी मराठीत शके १७७१ कोरलेले असले, तर ताळा चटकन बसतो. घरातल्या वृद्धेने ‘बिरड्याच्या रोजाच्या दिवशी जन्मला’ एवढेच सांगितले, तरी ती तिथी पक्की असते. बिरड्याचा रोजा म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपवास, आव या हिब्रू महिन्याची नवमी.

सरकारी कागदांकडे वळताना जिल्ह्यांचा इतिहास लक्षात ठेवावा लागतो. पनवेल १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, नंतर कुलाब्यात आले, आणि कुलाब्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले; एकाच घराच्या कागदांसाठी तीन नावांनी शोध घ्यावा लागतो तो यामुळे. कागद टिकवणे हे कोकणात मुळातच कठीण काम आहे. २००५ च्या जुलैमधील पुराचे पाणी बेथ एलमध्ये शिरले आणि तेथल्या तोरा या पवित्र ग्रंथाच्या गुंडाळ्या भिजल्या. लिहिलेले छापून निघणेही सोपे नव्हते: समाजाच्या इतिहासाचा पाया घालणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांचे पुस्तक १८९७ मध्ये लिहून तयार होते, पण छापून निघाले ते तेल अवीवला, १९३७ मध्ये.

एवढी खटपट छंद म्हणून करणे वेगळे आणि विवाहाची परवानगी मिळवण्यासाठी करावी लागणे वेगळे. १९४८ नंतर समाजातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले, अश्दोद, बीरशेबा, दिमोना, लोद अशा गावांत वसले, आणि १९६२ मध्ये प्रमुख रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या धर्मपीठाने आदेश काढला, की बेने इस्रायल व्यक्तीचा विवाह समाजाबाहेरच्या ज्यू व्यक्तीशी लावण्यापूर्वी तिच्या आईची, आजीची आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. ज्यू धर्मशास्त्रात मूल आईचा धर्म घेते, म्हणून प्रश्न मातृवंशाचा होता. आणि केतुबा असो वा थडगे, नोंद असते ती बापाच्या नावाची. आईची आई कोण, हे सांगणारा एकही ठरावीक दस्तऐवज समाजाजवळ नव्हता. ज्या पुराव्याची प्रथाच नाही तो मागणे, याला चौकशी म्हणण्यापेक्षा नकार म्हणणे योग्य. निदर्शने झाली, प्रश्न इस्रायलच्या संसदेत गेला, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये आदेशातून समाजाचे नाव काढण्यात आले.

या मातृवंशाबद्दल पुढे बोलले ते जनुकशास्त्र. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार बेने इस्रायलांत ज्यू आणि भारतीय असे दोन्ही अंश भरपूर असून, हा संकर १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण ६५० ते १०५० वर्षांपूर्वी झाला, आणि ज्यू अंश प्रामुख्याने पुरुषांकडून आला. दर्यापार आलेल्या पुरुषांनी इथल्या मुलींशी संसार थाटले, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. पण पनवेलच्या एखाद्या विशिष्ट घरातली पणजी कोणत्या गावची, हे जनुकीय चाचणी सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पलीकडे व्यक्तीगणिक वंशावळ मांडल्याचा दावा कोणी केला, तर तो पुरावा पाहिल्याशिवाय मान्य करू नये.

म्हणून ज्यांच्या घरी जुना केतुबा पेटीत पडून असेल, त्यांनी त्याचा फोटो काढून ठेवावा, दफनभूमीतल्या दगडांची अक्षरे पुसट होण्याआधी उतरवून घ्यावीत, आणि घरातल्या वृद्ध स्त्रीला तिच्या आईचे माहेरचे नाव व गाव विचारून ते वहीत, तारखेसह, लिहून ठेवावे.