शिकण्याचा वेग कसा मोजायचा?

पुण्याहून पौडकडे निघाले की पिरंगुट ओलांडल्यावर कासार आंबोली लागते. मुळशी हा कुस्तीचा तालुका. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी करणारे मामासाहेब मोहोळ याच तालुक्यातले. इकडच्या एका शाळेत आम्ही मोजमापाविषयी बोलायला गेलो होतो. बोलणे संपल्यावर दहावीतल्या एका मुलाने प्रश्न विचारला. तो संगणकावरचा एक खेळ खेळतो. त्यात आपण स्वतः लढायचे नसते, वस्ताद व्हायचे असते. मल्ल निवडायचे, त्यांचा सराव ठरवायचा, त्यांना लढतींना पाठवायचे. प्रत्येक मल्लाचा ‘शिकण्याचा वेग’ हा एक आकडा खेळाच्या पोटात दडलेला असतो आणि तो खेळणाऱ्याला दाखवत नाहीत. मुलाचा प्रश्न असा, “सर, तो आकडा बाहेरून ओळखायचा कसा? आणि तालमीतल्या पोरांचा पण तसा ओळखता येईल का?”

प्रश्नाचा दुसरा भाग ऐकून शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, “आम्ही वर्गात रोज तेच करतो की. हा हुशार, तो मंद!” हसण्यावारी गेलेले ते वाक्य आमच्या मनात राहिले. ‘मंद’ हा शिक्का एकदा बसला की पुसला जाणे कठीण असते. तो शिक्का कोणत्या मोजमापावर मारला जातो, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

कागदाची जाडी आणि मल्लाची प्रगती

आधी खेळातला सोपा प्रश्न घेऊ. मल्लाचे कौशल्य पडद्यावर पूर्णांकात दिसते असे समजा: ४०, ४१, ४२. आत मात्र ते ४०.३७ असे अपूर्णांकात असते. अ या मल्लाचे कौशल्य एका सरावात ०.३० ने वाढते, ब चे ०.३६ ने. तीन सराव झाल्यावर अ ची खरी वाढ ०.९० आणि ब ची १.०८. पडद्यावर दोघांचीही वाढ १ दिसू शकते. नशिबाने अ ची १ आणि ब ची २ दिसली, तर ब दुप्पट वेगाने शिकतो असा चुकीचा निष्कर्षही निघेल.

आता पन्नास सराव होऊ द्या. अ ची वाढ १५ आणि ब ची १८. पडद्यावरच्या आकड्यातली चूक अजूनही फार तर एकाची, पण ती आता १५ मधल्या एकाची आहे. फरक स्पष्ट दिसतो. पट्टीने एका कागदाची जाडी मोजता येत नाही, म्हणून आपण शंभर कागदांचा गठ्ठा मोजून शंभराने भागतो. युक्ती तीच आहे.

पण येथे एक अडचण आहे. गठ्ठ्यातले सगळे कागद सारख्या जाडीचे असतात, सरावाच्या गठ्ठ्यातले नसतात. सुरुवातीला प्रगती भराभर होते, पुढे मंदावते. जितके शिकायचे उरले असेल, साधारण त्याच्या प्रमाणात दर वेळी शिकले जाते. समजा, एखादे काम करताना पहिल्या दिवशी ८० चुका होतात आणि प्रत्येक सरावात उरलेल्या चुकांचा दहावा भाग कमी होतो. मग चुका ८०, ७२, ६५, ५८, ५२, ४७, ४२ अशा घटत जातात. पहिल्या सरावाने ८ चुका गेल्या, सहाव्याने ५. मुलाचा वेग मात्र बदललेला नाही, दर वेळी एक दशांश हाच आहे.

किरणोत्सर्गी पदार्थाच्या अर्धायुष्याशी याचे साम्य वाचकांच्या लक्षात आले असेल. तोच शब्द येथे वापरता येईल. चुका निम्म्या व्हायला किती सराव लागले, ते मोजावे. वरच्या उदाहरणात सुमारे साडेसहा सराव लागतात. दर वेळी विसावा भाग घटत असता तर साडेतेरा लागले असते.

या दृष्टीने पाहिले की एक नेहमीची गफलत उघडी पडते. एका मुलाच्या चुका आठवड्यात ८० वरून ४० वर आल्या, दुसऱ्याच्या २४ वरून १२ वर. पहिल्याने ४० चुका सुधारल्या, दुसऱ्याने फक्त १२. तर दुसरा मंद का? मुळीच नाही. दोघांनीही चुका निम्म्या केल्या. उलट, शनिवारच्या परीक्षेत १२ चुकावाला हुशार ठरतो आणि ४० वाला मंद, तेही तितकेच चूक. एका परीक्षेतून मूल कोठे आहे ते कळते, कोणत्या वेगाने चालले आहे ते कळत नाही. वेग काढायला निदान दोन वेळांची मोजणी लागते, हे आपण पदार्थविज्ञानात सातवी-आठवीतच शिकवतो.

योगायोगाचा वाटा

तालमीत अडचणी वाढतात. एखाद्या पोराने शिकवलेला एकलंगी डाव दहा वेळा केला, त्यात तो सहा वेळा साधला. पुढच्या आठवड्यात आठ वेळा साधला. प्रगती झाली का? ज्याचा डाव सरासरी दहात सहा वेळा साधतो, त्याच्या दहा-दहा प्रयत्नांच्या अनेक मालिका पाहिल्या तर यशाचा आकडा केवळ योगायोगाने दीडेकने वरखाली होतो. म्हणजे सहाचे आठ होणे यात विशेष काही नाही. प्रयत्न चाळीस केले तर हे हेलकावे शेकडा १५ वरून शेकडा ८ वर येतात, एकशे साठ केले तर शेकडा ४ वर. हेलकावे निम्मे करायचे तर प्रयत्न चौपट लागतात.

पण एकशे साठ वेळा डाव मारताना पोरगा शिकत असतो, आणि दमतही असतो. थर्मामीटर बुडवल्याने पाण्याचे तापमान किंचित बदलते, तसेच हे आहे, फक्त येथे तो बदल किंचित नाही.

मग कुस्त्या जिंकण्यावरून ठरवावे का? बुद्धिबळात आर्पाद एलो यांनी तयार केलेली गुणांकन पद्धत आहे. जागतिक संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. तिच्यात दोन खेळाडूंच्या गुणांकांत २०० चा फरक असेल, तर वरचा खेळाडू सरासरी शंभरातले ७६ गुण मिळवील असे गणित असते. पण हे सारे परस्परांच्या तुलनेत असते. तालमीतली जोडीची पोरे सारख्याच वेगाने सुधारत गेली, तर वर्षभरानेही त्यांच्यातल्या निम्म्या कुस्त्या हा जिंकेल आणि निम्म्या तो. निकालाची वही पाहणाऱ्याला वाटेल, कोणी काहीच शिकले नाही.

आणखी एक गोष्ट. तेरा-चौदाव्या वर्षी काही महिन्यांच्या फरकाने अंगाची ताकद पुष्कळ बदलते. कॅनडातील हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासून रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवले की वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू फार जास्त होते. वयोगटाची तारीख १ जानेवारी असल्याने जानेवारीतली मुले आपल्या गटात थोरली असतात. लहानपणी ती सरस दिसतात, निवडली जातात, त्यांना चांगला सराव मिळतो, आणि मग ती खरोखरच सरस होतात. वाढ आणि शिकणे यांची गल्लत झाली की मोजमापच पुढचे भविष्य घडवू लागते.

थांबलेला आलेख

१८९७ मध्ये ब्रायन आणि हार्टर या अमेरिकन संशोधकांनी तारायंत्रावर संदेश घ्यायला शिकणाऱ्यांचे आलेख प्रसिद्ध केले. त्यांत एक चमत्कारिक जागा दिसली. कित्येक आठवडे वेग वाढतच नाही, आलेख पठारासारखा सपाट राहतो आणि मग एकदम चढतो. त्यांनी याचा अर्थ असा लावला की शिकणारा आधी सुटी अक्षरे ऐकतो, पुढे अख्खे शब्द ऐकू लागतो, आणि हा बदल आत चालू असताना बाहेर काही दिसत नाही. अशी पठारे प्रत्येक कामात दिसतातच असे नाही. पण पकड, पायाची जागा, कमरेचा झोक या सुट्या गोष्टी जुळून एक डाव व्हायला वेळ लागतो, हे तालमीतल्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. पठारावर असताना मोजले तर वेग शून्य येतो.

१९७९ मध्ये शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन हालचाली काही जणांना एकामागून एक ओळीने शिकवल्या, तर काहींना उलटसुलट मिसळून. सरावाच्या वेळी ओळीने शिकणारे पुढे होते. दहा दिवसांनी तपासले तेव्हा मिसळून शिकलेल्यांना अधिक चांगले येत होते. म्हणजे सराव चालू असताना दिसते ती त्या वेळची कामगिरी, काही दिवसांनी उरते ते शिकणे. आज धडा शिकवून आजच प्रश्न विचारणारे आपण यांपैकी काय मोजतो?

वर्गात करून पहा

कागदावर पाच टोकांची चांदणी काढा. तिच्या आत अर्धा सेंटिमीटर अंतर ठेवून दुसरी काढा. कागदापुढे आरसा उभा करा आणि पुठ्ठ्याचा आडोसा असा धरा की हात थेट दिसू नये, फक्त आरशात दिसावा. आता दोन्ही रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. रेष ओलांडली की एक चूक. रोज पाच फेऱ्या, असे पाच दिवस. मग आठवडाभर काही करायचे नाही आणि पुन्हा पाच फेऱ्या. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या चुकांचा आलेख काढावा, चुका निम्म्या व्हायला किती फेऱ्या लागल्या ते पाहावे आणि सुट्टीनंतर किती टिकले तेही पाहावे. हीच पाहणी डाव्या हाताने करून वेग तोच येतो का ते तपासावे.

हा प्रयोग जुना आहे. मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर नव्या घटना लक्षात न राहणाऱ्या एका रुग्णाकडून ब्रेंडा मिल्नर यांनी तो तीन दिवस करून घेतला. आपण हे पूर्वी केले आहे हे त्याला आठवत नव्हते, पण चुका कमी होत गेल्या. ‘शिकणे’ हे एकच एक काम नाही, याचा तो मोठा पुरावा ठरला.

मुलाला दिलेले उत्तर

खेळातला आकडा काढायचा तर एकाच वयाचे, एकाच पातळीवरचे दोन मल्ल घे, दोघांना तोच सराव आणि तोच वस्ताद दे, पुष्कळ सराव होऊ दे आणि मगच तुलना कर, असे आम्ही त्याला सांगितले. तेथे उत्तर नक्की मिळेल, कारण आकडा कोणीतरी आधीच लिहून ठेवला आहे.

तालमीतल्या पोराच्या पोटात असा आकडा कोणी लिहिलेला नाही. त्याचा वेग डावागणिक, वस्तादागणिक, वयागणिक वेगळा येतो. खाशाबा जाधव मातीत तयार झालेले मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते गादीवर लढले आणि सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. लंडनचा आलेखबिंदू एकटाच धरून कोणाला हेलसिंकीचा अंदाज बांधता आला असता?

बाईंनी आरशाचा प्रयोग नववीच्या वर्गात करायचे ठरवले आहे. आम्ही त्यांना एकच विनंती केली: आलेखांवर मुलांची नावे घालण्याआधी दोन आठवडे थांबा, आणि पहिल्या दिवशी कोण मंद वाटले होते ते एका कागदावर लिहून पाकिटात बंद करून ठेवा. पाकीट शेवटी वर्गासमोर उघडायचे आहे.