पुढचं पान कोणी लिहायचं?

दुपारची जेवणं आटोपली, भांडी पालथी घालून झाली, की सासूबाई ओटीवरच्या झोपाळ्यावर येऊन बसायच्या आणि मला हाक मारायच्या, "आण गं ते पुस्तक." आमच्या रेवदंड्याच्या घरामागं नारळ-सुपारीची वाडी आहे. दुपारच्या वेळी तिथं इतकं सामसूम असतं, की झावळी पडली तरी दचकायला होतं. बारीक छापील अक्षरानं त्यांचे डोळे दुखायचे, म्हणून मी वाचायची आणि त्या ऐकायच्या. त्या वर्षी वाचनालयातून आणलं होतं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'.

तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ते वाचलं असेल. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेली ही मुलगी. शाळा माहीत नाही. लहान वयात लग्न झालं ते कवी नारायण वामन टिळकांशी. अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर. नवरा मोठ्या मनाचा, पण कधी काय करील याचा नेम नाही. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मग विचार करून आपणहून त्यांच्याकडे गेल्या. हे सगळं त्यांनी असं सांगितलंय, की हसता हसता डोळ्यांतून पाणी येतं. वडिलांच्या सोवळ्याचे किस्से वाचताना तर सासूबाईंनी झोपाळा थांबवून पदरानं डोळे पुसले होते. "अगदी आमचे आजोबा गं!" म्हणाल्या.

'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात आले. तीन भाग आम्ही दीड महिन्यात संपवले. चौथ्यात टिळक गेल्यानंतरचे दिवस आहेत, मुलाच्या संसाराबरोबर कराचीला जाणं आहे. हा भाग हातात घेतला तेव्हा मी सासूबाईंना सांगितलं, "आई, हा त्यांच्या हातून पुरा झाला नाही. २४ फेब्रुवारी १९३६ला त्या गेल्या. राहिलेलं त्यांच्या मुलानं, देवदत्त टिळकांनी लिहून पुरं केलं."

सासूबाईंनी पाय टेकून झोपाळा थांबवला. "म्हणजे शेवट तिचा नाही?"

"नाही."

"मग राहू दे. तिचं तिनं सांगितलं तेवढं पुरे."

दोन दिवस पुस्तक कोनाड्यात पडून होतं. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "आण गं. पोरानं कसं निभावलंय ते तरी बघू."

आवडीचं पुस्तक अर्ध्यात राहिलं की जीव कसा टांगून राहतो, हे आपल्याला काही नवं नाही. हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मधून हप्त्याहप्त्यानं यायच्या आणि त्यातल्या काही अपुऱ्याच राहिल्या. त्या काळच्या वाचकांना काय वाटलं असेल! तिकडे बंगालात बिभूतिभूषण बंदोपाध्यायांनी 'पथेर पांचाली' आणि 'अपराजित' या कादंबऱ्यांत अपूची गोष्ट सांगितली. अपूच्या मुलाची, काजलची, गोष्ट पुढं लिहायची त्यांच्या मनात होती. पण १९५० साली ते गेले. तेव्हा त्यांचा मुलगा तारादास जेमतेम तीन वर्षांचा होता. त्यानं मोठेपणी 'काजल' लिहिली, स्वतःच्या नावानं.

खुद्द लक्ष्मीबाईंनीही असंच एक अपुरं काम खांद्यावर घेतलं होतं. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलं, पण जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले आणि १९१९ साली ते वारले. पुढचे साठाहून जास्त अध्याय या शाळा न पाहिलेल्या बाईंनी लिहिले! सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या खूप वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "नवऱ्याचं हिनं पुरं केलं, हिचं पोरानं. पण कुठवर कोणाचं, ते लोकांना ठाऊक आहे हो."

तेव्हा ते वाक्य माझ्या एका कानातून शिरून दुसऱ्यानं निघून गेलं. नंतर मात्र फार आठवलं.

त्याचं असं झालं. सासूबाई गेल्यानंतर त्यांच्या ट्रंकेत, नऊवारी लुगड्यांच्या घडीखाली, दोन वह्या निघाल्या. पहिली मला माहीत होती. तिच्यात चौलचं माहेर, रहाटाची करकर, लग्नाचा मांडव असं सगळं होतं. दुसरी मात्र त्यांनी गुपचूप लिहायला घेतली होती. वर मोठ्ठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'भाग दुसरा'. सोळा पानं भरलेली. सासरचं एकत्र कुटुंब, पहाटे वाडीचं शिंपणं, पावसाळ्याआधीची बेगमी. आणि सोळाव्या पानावर शेवटी हे: 'धाकटीला त्या वर्षी माहेरी पाठवली, ती काही तिच्या मर्जीनं नव्हे. खरं काय ते मला ठाऊक आहे. झालं असं की'

बस्स. पुढं कोरं.

धाकटी म्हणजे आमच्या काकू, सासूबाईंची धाकटी जाऊ. साळावचा पूल व्हायच्या आधीची गोष्ट. काकू तरीतून खाडी ओलांडून मुरुडला माहेरी गेल्या आणि तीन वर्षं आल्या नाहीत. घरात सांगतात ते एवढंच, की काकूंचा स्वभाव तापट, रागावून गेल्या.

वर्षश्राद्धाला वह्या छापून नातेवाइकांना वाटायच्या असं ठरलं. धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, तेवढं शेवटचं तुम्हीच पुरं करा. सगळं गोड झालं म्हणून टाका. आईची भाषा तुमच्याइतकी कोणाला येणार?"

खरं सांगते, मला बरं वाटलं ते ऐकून. रात्री ओटा आवरून मी लिहायला बसले आणि एका बैठकीत दोन पानं झाली. त्यात सासूबाई धाकटीची बाजू घेऊन सगळ्यांशी भांडतात, तिला निरोपाला तरीपर्यंत सोडायला जातात. सकाळी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "अगदी आईच बोलतेय गं."

आणि माझ्या पोटात खड्डा पडला. मी त्यांना धाकटीच्या बाजूनं उभं केलं होतं. त्या उभ्या राहिल्या होत्या का? मला कुठं ठाऊक? मला तशी सासू हवी होती, म्हणून मी लिहून मोकळी झाले. उद्या माझी नात हेच खरं म्हणून वाचणार. कुठवर कोणाचं, ते तिला कसं कळणार?

दोन्ही पानं फाडली. ती वही पिशवीत घातली आणि एस.टी.नं अलिबागला काकूंकडे गेले. त्या आता ऐंशीच्या पुढच्या, मुलाकडे असतात. त्यांना ते सोळावं पान वाचून दाखवलं. त्यांनी ते परत वाचायला सांगितलं. मग वही हातात घेऊन अक्षरांवरून बोट फिरवलं.

"एवढं लिहिलं तिनं?" म्हणाल्या. "तेव्हा तर माजघराच्या दारात उभी होती आणि गप्प होती. एक शब्द बोलली नाही. मी जन्मभर धरून ठेवलं होतं गं ते मनात."

मी काय बोलणार? माझी ती दोन पानं छापली गेली असती तर, या विचारानं घामच फुटला.

थोड्या वेळानं काकू म्हणाल्या, "मी सांगते काय झालं ते. पण तिच्या वहीत नको घालूस. मला निराळी वही आण."

त्यांनी जे सांगितलं ते मी इथं लिहीत नाही, ते त्यांचं आहे. आता दर महिन्यात एकदा अलिबागला जाते. त्या सांगतात, मी उतरवून घेते आणि परत वाचून दाखवते. चुकलं तर खोडायला लावतात. भाऊजी आधी जरा घुश्शात होते, पण आईची वही आहे तशीच छापायची, याला शेवटी हो म्हणाले. 'झालं असं की' इथं ती थांबते. खाली अर्धं पान कोरं. आणि पुढच्या पानापासून काकूंचं, त्यांच्या नावानं.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात एखाद्या ट्रंकेत, पोथीच्या फडक्यात अशी अर्धी वही असेल. सापडली तर तिच्यात भर घालू नका, खोडू नका. तिच्यातली माणसं अजून हयात असतील तर त्यांच्याकडे जा, त्यांना वाचून दाखवा. आणि तुम्हाला काही सांगायचं असेल तर वेगळ्या पानावर लिहा, वर आपलं नाव घालून.

मी परवा अलिबागहून येताना दोन वह्या घेतल्या. एक काकूंची आधीची भरत आली म्हणून. दुसरी माझी.