मूत्रपिंडातील द्रवकोष आणि पेशींची वाढ

मूत्रपिंडांत द्रवाने भरलेल्या असंख्य पिशव्या उत्पन्न होऊन ती कालांतराने निकामी होणे, हे एका आनुवंशिक रोगाचे लक्षण होय. या पिशव्यांना वैद्यकात 'सिस्ट' म्हणतात. प्रस्तुत लेखात 'द्रवकोष' हा शब्द योजिला आहे. आई किंवा वडील यांपैकी एकास हा रोग असल्यास प्रत्येक अपत्यास, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो होण्याचा संभव निम्मा असतो. बहुसंख्य रोग्यांत १६ व्या गुणसूत्रावरील पीकेडी-१ हे जनुक सदोष असते, तर काहींत ४ थ्या गुणसूत्रावरील पीकेडी-२ हे जनुक. पहिले १९९४ साली व दुसरे १९९६ साली ओळखण्यात आले.

येथे एक प्रश्न उद्भवतो. सदोष जनुक शरीरातील प्रत्येक पेशीत असते. मग प्रत्येक मूत्रपिंडातील सुमारे दहा लाख सूक्ष्म नलिकांपैकी थोड्याच नलिकांवर द्रवकोष का धरतात? याचे उत्तर असे की, पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. जन्मतः एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम निभावून नेते. पुढे एखाद्या पेशीत ही दुसरी प्रतही बिघडली, की तेथून द्रवकोषाचा आरंभ होऊ शकतो. ती पेशी वारंवार विभागते, नलिकेची भिंत फुग्यासारखी बाहेर येते आणि बहुधा मूळ नलिकेपासून तुटून वेगळी होते. त्यानंतर भिंतीतील पेशीच आत क्षार व पाणी स्रवत राहतात. म्हणजे द्रवकोष वाढण्यास पेशींचे विभाजन आणि द्रवाचा स्राव ही दोन्ही कारणे लागतात.

या दोन्ही क्रियांना चालना देणारा रेणू एकच आहे, तो म्हणजे चक्रीय एएमपी. पेशीच्या आत निरोप पोहोचविणे हे त्याचे कार्य. विशेष असे की, निरोगी पेशीत तो वाढला असता विभाजन मंदावते. द्रवकोषाच्या पेशीत मात्र तोच विभाजनास उत्तेजन देतो. या विरोधाचा उलगडा कॅन्सस विद्यापीठातील संशोधकांनी केला. २००४ साली त्यांनी निरोगी पेशींतील कॅल्शियमचे प्रमाण कमी केले, तेव्हा त्याही चक्रीय एएमपीमुळे विभागू लागल्या. २००६ साली द्रवकोषाच्या पेशींत कॅल्शियम वाढविताच त्यांची ही प्रवृत्ती मावळली. निरोप तोच, पेशीतील कॅल्शियमप्रमाणे त्याचा अर्थ पालटतो.

या ज्ञानाचा उपयोग चिकित्सेतही झाला. शरीरात पाणी राखून ठेवणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडाच्या पेशींत चक्रीय एएमपी वाढविते. त्याला अडविणारे टोल्व्हाप्टान हे औषध १,४४५ रोग्यांवर तीन वर्षे तपासण्यात आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औषध न घेणाऱ्यांची मूत्रपिंडे वर्षाला ५.५ टक्के वाढली, तर घेणाऱ्यांची २.८ टक्के. मात्र या औषधाने तहान व लघवी फार वाढते आणि क्वचित यकृतास इजा पोहोचते. म्हणून रक्ततपासणी नियमित करावी लागते.

उरलेल्या निरोगी नलिका अधिक भार उचलीत असल्यामुळे रक्ताच्या साध्या तपासणीत कित्येक वर्षे काहीच दोष दिसत नाही. त्या अवधीत द्रवकोष मात्र वाढतच असतात. यास्तव ज्या घराण्यात हा रोग आहे, तेथील प्रौढांनी केवळ रक्ताच्या निर्दोष अहवालावर विसंबू नये. मूत्रपिंडांचे आकारमान वेळीच पाहून घेणे, हेच अधिक श्रेयस्कर होय.