खुब्याचा अस्थिभंग

खुब्याचा अस्थिभंग म्हणजे मांडीच्या हाडाचा, खुब्याच्या सांध्यालगतचा वरचा भाग मोडणे. तरुणांमध्ये ही दुखापत वाहनाच्या अपघातासारख्या जोरदार आघाताने होते. ज्येष्ठ व्यक्तींमध्ये मात्र घरात चालताना पाय घसरून पडणे एवढे कारणही पुरेसे ठरते. ज्येष्ठ रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया असतात. या अस्थिभंगानंतर वर्षभरात साधारणपणे दर चार ते पाच ज्येष्ठ रुग्णांमागे एकाचा मृत्यू होतो. मृत्यूचे थेट कारण बहुधा मोडलेले हाड नसून, अंथरुणाला खिळल्यामुळे उद्भवणारे विकार व आधीपासूनचे आजार हे असते. त्यामुळे लवकर शस्त्रक्रिया करून रुग्णाला लवकर उभे करणे हे उपचारांचे मुख्य सूत्र मानले जाते.

रचना व प्रकार

मांडीच्या हाडाचे गोल डोके श्रोणीच्या हाडातील खोलगट खोबणीत बसते. डोक्याखालील निमुळत्या भागास मान म्हणतात. मानेच्या खाली बाहेरच्या बाजूस एक मोठा व आतल्या बाजूस एक लहान उंचवटा असून त्यांना स्नायू जोडलेले असतात. सांध्याभोवती तंतुमय आवरण असते. त्याला संधिकोश म्हणतात.

डोक्याला होणारा रक्तपुरवठा मुख्यतः मानेवरून वर जाणाऱ्या सूक्ष्म रोहिण्यांतून होतो. कोशाच्या आत मान मोडून हाड सरकल्यास या रोहिण्या तुटू शकतात. अशा वेळी हाड जुळत नाही किंवा रक्ताअभावी डोके मृत होऊन कालांतराने खचते. कोशाबाहेरील अस्थिभंगात हाडाचा रक्तपुरवठा चांगला राहतो व हाड सहसा जुळते. मात्र रक्तस्राव अधिक होतो आणि योग्य आधार न दिल्यास पाय आखूड किंवा वाकडा राहतो. हा भेद ब्रिटिश शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८२२ च्या आपल्या ग्रंथात मांडला. मानेच्या अस्थिभंगाची, हाड किती सरकले यावर आधारलेली चार प्रकारांची वर्गवारी रॉबर्ट गार्डन यांनी १९६१ मध्ये केली.

कारणे

वाढत्या वयात हाडांची घनता घटून ती ठिसूळ होतात. या विकाराला अस्थिसुषिरता म्हणतात. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाल्याने स्त्रियांमध्ये ही झीज वेगाने होते. ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान, मद्यपान व स्टेरॉइड औषधांचा दीर्घकाळ वापर यांमुळे धोका वाढतो. मोतीबिंदू, स्नायूंचा अशक्तपणा, पार्किन्सनचा आजार, झोपेची औषधे आणि रक्तदाबावरील औषधांमुळे उभे राहताना येणारी चक्कर यांमुळे पडण्याचा संभव वाढतो.

लक्षणे व निदान

पडल्यानंतर जांघेत तीव्र वेदना होतात व पायावर भार देता येत नाही. हाड सरकले असल्यास तो पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूस वळलेले असते. हाड न सरकता नुसते एकमेकांत रुतले असल्यास मात्र काही रुग्ण लंगडत चालूही शकतात. त्यामुळे अस्थिभंग नजरेतून सुटण्याची शक्यता असते. निदान क्ष-किरण चित्रणाने होते. त्यात काही न आढळता वेदना कायम राहिल्यास एमआरआय किंवा सीटी स्कॅन केले जाते. अशा दुखापतीत मालीश करणे किंवा पाय ओढून बसवण्याचा प्रयत्न करणे घातक ठरू शकते.

उपचार

पूर्वी पायाला वजन बांधून रुग्णास अनेक आठवडे निजवून ठेवत असत. या काळात न्यूमोनिया, शय्याव्रण, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होणे असे विकार जडतात. आता बहुतेक रुग्णांवर शस्त्रक्रिया केली जाते. शस्त्रक्रियेचा धोका फार मोठा असेल किंवा रुग्ण आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात असेल, तेव्हाच ती टाळून वेदनाशमनावर भर दिला जातो.

शस्त्रक्रियेची निवड पुढीलप्रमाणे होते:

• मानेचा, न सरकलेला अस्थिभंग: स्क्रू बसवून हाड स्थिर केले जाते.
• मानेचा, सरकलेला अस्थिभंग: डोके काढून त्या जागी कृत्रिम डोके बसवतात. यास अर्धसांधेरोपण म्हणतात. आधी स्वतंत्रपणे हिंडणाऱ्या, प्रकृतीने सक्षम रुग्णांत खोबणीसह संपूर्ण सांधा बदलण्याचा विचार होतो.
• कोशाबाहेरील अस्थिभंग: सरकता स्क्रू व पट्टी किंवा हाडाच्या पोकळीतून घातलेला दांडा वापरतात.

अनेक मार्गदर्शक सूचनांनुसार शस्त्रक्रिया रुग्णालयात दाखल झाल्यापासून २४ ते ४८ तासांत व्हावी. १७ देशांतील २,९७० रुग्णांवरील, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निदानानंतर सुमारे ६ तासांत व सुमारे २४ तासांत केलेल्या शस्त्रक्रियांची तुलना झाली. दोन्ही गटांतील मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत मानसिक संभ्रम कमी आढळला व ते लवकर चालू लागले.

पुनर्वसन

शक्य असल्यास शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णास वॉकरच्या आधाराने उभे केले जाते. पुरेशी प्रथिने, वेदनाशमन, रक्ताची गुठळी रोखणारी औषधे आणि भौतिकोपचार हे उपचारांचे आवश्यक भाग आहेत. सांधेरोपणानंतर उकिडवे बसणे सहसा वर्ज्य असते. त्यामुळे भारतीय पद्धतीचे शौचालय असलेल्या घरांत उंच बैठकीची सोय करावी लागते. अनेक रुग्णांना पूर्वीइतके चालता येत नाही.

प्रतिबंध

एकदा असा अस्थिभंग झालेल्या व्यक्तीस दुसऱ्याचा धोका अधिक असतो. म्हणून शस्त्रक्रियेबरोबरच अस्थिसुषिरतेवर उपचार करणे गरजेचे असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक आम्ल शिरेवाटे देऊन पुढे वर्षातून एकदा दिल्यास नव्या अस्थिभंगांचा धोका ३५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. याशिवाय तोल सुधारणारे व्यायाम, दृष्टीची तपासणी, औषधांचा फेरविचार, न्हाणीघरात आधारदांड्या व कोरडी फरशी, तसेच रात्री पुरेसा उजेड या उपायांनी पडण्याचा धोका कमी होतो.